उमरावाचा पुतण्या, भारताचा नागरिक

कोलकाता शहरावर युरोपीय उमरावांची छाप किती खोल होती, हे समजून घ्यायचे तर राज्यपालांच्या तेथील निवासस्थानाकडे पाहावे. लॉर्ड वेलस्ली यांनी १७९९ ते १८०३ या काळात ही वास्तू उभारली, ती इंग्लंडमधील डर्बीशर परगण्यातील केडल्स्टन हॉल या हवेलीच्या नमुन्यावर. ती हवेली कर्झन घराण्याची. पुढे शंभर वर्षांनी याच घराण्यातील जॉर्ज नथॅनियल कर्झन व्हाइसरॉय म्हणून कलकत्त्यात आले आणि आपल्या वडिलार्जित घराच्या प्रतिकृतीत राहू लागले. साम्राज्याच्या इतिहासात इतका बोलका योगायोग विरळाच. हे लोक आपले घर, आपली मानमर्यादा आणि आपली श्रेणीव्यवस्था सोबत घेऊन येत, आणि पाच-सात वर्षांनी परत जात. मागे उरत ती रस्त्यांना आणि चौकांना दिलेली त्यांची नावे.

स्वातंत्र्यानंतर कोलकात्याने ती नावे एकेक करून पुसली. डलहौसी स्क्वेअरला विनय, बादल व दिनेश या तीन क्रांतिकारकांचे नाव मिळाले. लान्सडाउन रोड शरत बोस यांच्या नावे झाला. अमेरिकेचा वाणिज्य दूतावास ज्या हॅरिंग्टन स्ट्रीटवर आहे, त्याला हो ची मिन्ह यांचे नाव देऊन बंगालने आपली राजकीय विनोदबुद्धीही दाखवून दिली. अशा या शहरात, सायन्स सिटीच्या परिसरात, एका रुंद रस्त्याला मात्र ब्रिटनमध्ये जन्मलेल्या, ईटन आणि ऑक्सफर्डमध्ये शिकलेल्या, ज्याचे सख्खे काका ब्रिटिश साम्राज्याचे युद्धमंत्री होते अशा एका माणसाचे नाव आहे. ते नाव जे.बी.एस. हाल्डेन.

या माणसाचे नाव विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. लोकसंख्या-आनुवंशिकी या शास्त्राच्या तीन संस्थापकांत रोनाल्ड फिशर आणि सिवल राइट यांच्याबरोबर त्यांची गणना होते. परंतु धोरण, संस्था आणि नागरिकत्व यांचा विचार करणाऱ्यांनीही त्यांच्याकडे पुन्हा पाहावे, असे मला वाटते. कारण त्यांच्या आयुष्याची शेवटची सात वर्षे भारतात गेली, त्यांतील पहिली पाच कोलकात्यात; आणि त्या पाच वर्षांत त्यांनी आपल्याकडील विज्ञानसंस्थांपुढे जे प्रश्न मांडले, ते अद्याप सुटलेले नाहीत.

आधी या घराण्याविषयी. ग्लेनईगल्सचे हाल्डेन हे स्कॉटलंडमधील जुने जमीनदार घराणे. त्यांच्या कुलचिन्हावर ब्रीद म्हणून एकच शब्द आहे, त्याचा अर्थ ‘सोसा’. अठराव्या शतकाच्या अखेरीस या घराण्यातील दोन भावांचा बंगालशी संबंध आला. धाकटे जेम्स अलेक्झांडर हाल्डेन ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावर कप्तान होते. थोरले रॉबर्ट हे मोठ्या मालमत्तेचे धनी. ऐन तारुण्यात दोघांनाही धर्माची ओढ लागली. बंगालमध्ये जाऊन ख्रिस्ती धर्माचा प्रसार करावा, या इच्छेने रॉबर्ट यांनी आपली एअरथ्री येथील जहागीर विकायला काढली. परंतु आपल्या व्यापारात धर्मप्रसाराची अडगळ नको म्हणून कंपनीने त्यांना परवानगी नाकारली. जहागीर गेली ती गेलीच. तिचा पैसा मग स्कॉटलंडमधील धर्मकार्यात खर्च झाला. कप्तान जेम्स हे जे.बी.एस. यांचे पणजोबा. पणजोबांच्या भावाला बंगालच्या लोकांना आपल्यासारखे करायचे होते. त्यानंतर सुमारे १६० वर्षांनी पणतू बंगालमध्ये आला तो बंगालच्या लोकांसारखा होण्यासाठी.

जेम्स यांच्या नातवंडांच्या पिढीत हे घराणे धर्माकडून विद्येकडे वळले. रिचर्ड बर्डन हाल्डेन हे वकील, तत्त्वज्ञ आणि राजकारणी. १९०५ ते १९१२ या काळात ते युद्धमंत्री होते आणि ब्रिटिश सैन्याची आधुनिक पुनर्रचना त्यांनीच केली. पुढे ते लॉर्ड चॅन्सेलर झाले आणि व्हायकाउंट हा किताब त्यांना मिळाला. तरुणपणी जर्मनीत शिकल्यामुळे जर्मन तत्त्वज्ञानावर त्यांचे प्रेम होते. पहिल्या महायुद्धात वृत्तपत्रांनी त्यांच्या या प्रेमाचा राष्ट्रद्रोह म्हणून डांगोरा पिटला आणि १९१५ मध्ये त्यांना पदावरून जावे लागले. ज्याने सैन्य सज्ज केले त्यालाच शत्रूचा हस्तक ठरवले गेले. १९२४ मध्ये ब्रिटनचे पहिले मजूर पक्षाचे सरकार आले, तेव्हा हे उमराव पुन्हा लॉर्ड चॅन्सेलर झाले. त्यांची बहीण एलिझाबेथ यांनी देकार्त व हेगेल यांचे ग्रंथ इंग्रजीत आणले. स्कॉटलंडमधील पहिल्या महिला दंडाधिकारी होण्याचा मान त्यांचाच.

तिसरे भावंड जॉन स्कॉट हाल्डेन. हे जे.बी.एस. यांचे वडील, ऑक्सफर्डमधील शरीरक्रियाशास्त्रज्ञ. खाणींतील स्फोटांनंतर कामगार मरतात ते बहुधा भाजून नव्हे, तर कार्बन मोनॉक्साइडने, हे त्यांनी १८९६ मध्ये दाखवून दिले. विषारी वायूची आगाऊ सूचना मिळावी म्हणून खाणीत कॅनरी पक्षी नेण्याची पद्धत त्यांच्या सूचनेतून रूढ झाली. पाणबुड्यांनी खोल पाण्यातून वर येताना कोणत्या टप्प्यांवर किती थांबावे, याची कोष्टके त्यांनी तयार केली. हे सारे प्रयोग ते आधी स्वतःवर आणि मग घरच्यांवर करत. मुलगा लहान असताना त्यांनी त्याला एका खाणीत नेले आणि उभे राहून शेक्सपिअरचे एक भाषण म्हणायला सांगितले. मिथेन वायू छताशी साचलेला असल्याने मुलाला धाप लागून तो खाली कोसळला. जमिनीलगतची हवा श्वास घेण्याजोगी आहे, हे त्याला तेथे पडल्यावर कळले. घराण्याचे ब्रीद शब्दशः जगणारे असे हे कुटुंब होते. आई लुइसा मात्र कट्टर साम्राज्यवादी. एकाच जेवणाच्या टेबलावर उदारमतवाद आणि साम्राज्यभक्ती यांची रोज झुंज पाहत वाढलेल्या मुलाला वादाची भीती कशी वाटणार?

जॉन बर्डन सँडर्सन हाल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्डमध्ये झाला. विज्ञानाची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. त्यांचे औपचारिक शिक्षण गणित आणि ग्रीक-लॅटिन साहित्यात झाले. धाकटी बहीण नेओमी हिच्याबरोबर त्यांनी घरी गिनिपिग आणि उंदीर पाळून आनुवंशिकतेचा अभ्यास सुरू केला आणि महायुद्ध चालू असतानाच, १९१५ मध्ये, त्यावरील निबंध प्रसिद्ध झाला. त्या निबंधाचा तिसरा लेखक रणांगणावर मारला गेला होता. हाल्डेन स्वतः स्कॉटिश पलटणीत अधिकारी म्हणून फ्रान्समध्ये आणि मग मेसोपोटेमियात लढले. तेथे जखमी झाल्यावर उपचारांसाठी त्यांना हिंदुस्थानात पाठवण्यात आले. हा देश त्यांना आवडला. पण राज्यकर्ता आणि प्रजा या नात्याने येथे राहणे आवडले नाही. भारतीयांशी बरोबरीच्या नात्याने वागता येईल तेव्हाच परत यायचे, असे त्यांनी त्याच वेळी मनाशी ठरवले होते.

पुढची चाळीस वर्षे ब्रिटनमध्ये गेली. केंब्रिज, त्यानंतर लंडनचे युनिव्हर्सिटी कॉलेज, ‘द कॉझेस ऑफ इव्होल्यूशन’ हा १९३२ मधील ग्रंथ, आणि सामान्य वाचकांसाठी लिहिलेले शेकडो लेख. ईटनमध्ये शिकलेला हा गृहस्थ ‘डेली वर्कर’ या कम्युनिस्ट दैनिकात कामगारांसाठी विज्ञानाचा स्तंभ लिहीत असे. स्पेनच्या यादवी युद्धात तो प्रजासत्ताकाच्या बाजूने उभा राहिला. १९३९ मध्ये ‘थेटिस’ ही पाणबुडी बुडून ९९ माणसे मेली, तेव्हा कोंडलेल्या हवेत माणसाचे काय होते हे पाहण्यासाठी त्याने स्वतःला बंद पोलादी कोठडीत कोंडून घेतले. या प्रयोगमालिकेत आलेल्या झटक्यांनी त्याच्या पाठीच्या मणक्यांना कायमची इजा झाली.

त्यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. स्टालिनच्या राजवटीविषयी हाल्डेन फार काळ मवाळ राहिले. सोव्हिएत संघात लायसेंको नावाच्या कृषितज्ज्ञाने सत्तेच्या बळावर आनुवंशिकीचे शास्त्रच मोडीत काढले, शास्त्रज्ञ तुरुंगात गेले, तेव्हाही या थोर आनुवंशिकीतज्ज्ञाने पक्षनिष्ठेपायी स्पष्ट निषेध करायला नको तितका वेळ घेतला. १९५०च्या सुमारास ते पक्षापासून दूर झाले, पण तोवर व्हायचे ते नुकसान झाले होते. मला वाटते, विज्ञानात सरकारचा हात कोठवर असावा याबाबत ते उतारवयात जे इतके हळवे झाले, त्यामागे ही बोच असावी.

१९५६ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्स यांनी सुएझ कालव्यासाठी इजिप्तवर हल्ला केला. अशा राष्ट्रात आपल्याला राहायचे नाही, असे जाहीर करून १९५७च्या जुलैमध्ये हाल्डेन आणि त्यांच्या पत्नी, प्राणिशास्त्रज्ञ हेलन स्परवे, कलकत्त्याला आले. सुएझ हे सांगितलेले कारण होते. आणखीही कारणे होती. उष्ण हवा त्यांना मानवत असे. साठ वर्षे पायमोजे घातले तेवढे पुरेत, असेही ते मिस्कीलपणे सांगत. पण मुख्य कारण होते प्रशांतचंद्र महालनोबीस यांचे निमंत्रण. वयाने हाल्डेनपेक्षा अवघे काही महिने लहान असलेल्या महालनोबीसांनी १९३१ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली होती. उत्तर कोलकात्यातील बरानगर येथे बी. टी. रोडवरच्या तिच्या आवारात आंब्याची झाडे होती, तळी होती आणि जगभरचे गणिती व अर्थशास्त्रज्ञ येऊन-जाऊन असत. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडा याच आवारात आकाराला आला. सांख्यिकी म्हणजे नुसती सरकारी आकडेमोड नव्हे, तर निसर्ग आणि समाज या दोहोंना समजून घेण्याची रीत आहे, ही महालनोबीसांची दृष्टी हाल्डेन यांना मनापासून पटणारी होती.

बरानगरमध्ये साडेसहा दशकांपूर्वी काय घडले, ते मला आजही विलक्षण वाटते. हाल्डेन यांनी धोतर-कुर्ता स्वीकारला, मांसाहार सोडला, हिंदू, बौद्ध आणि जैन विचारांचे वाचन केले. श्रद्धाळू ते कधी झाले नाहीत. परंतु माणूस आणि इतर प्राणी यांच्यात अभेद्य भिंत न घालणारी भारतीय परंपरा डार्विनच्या सिद्धांताला पाश्चात्त्य धर्मविचारापेक्षा अधिक जवळची आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी पक्ष्यांच्या अहिंसक अभ्यासावर लिहिले. पक्षी मारून, पेंढा भरून, मोजमाप घेण्यापेक्षा जिवंत पक्षी काय करतो हे टिपण्याने विज्ञान पुढे जाईल, आणि त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत, हा त्या लेखाचा आशय.

हे त्यांनी आपल्या तरुण सहकाऱ्यांकरवी करून दाखवले. सुबोधकुमार रॉय पहाटे उठून पारिजातकाच्या फुलांच्या पाकळ्या मोजत. फुलागणिक पाकळ्यांची संख्या बदलते, आणि ती कशी बदलते यावरून झाडातील वाढीच्या नियमनाविषयी काही सांगता येते. आपल्याकडे ज्या फुलांचा सडा आपण केवळ पूजेसाठी वेचतो, त्यातून शास्त्रीय निबंध निघू शकतो, हे कोणाच्या मनात आले असते? याच रॉय यांनी भाताचे दोन वाण आलटून-पालटून ओळींत लावले आणि वेगवेगळे लावण्यापेक्षा एकत्र लावल्याने उत्पन्न वाढू शकते, हे तपासले. टी. ए. डेव्हिस यांनी नारळाच्या झाडांवरील झावळ्यांची चक्राकार मांडणी डावीकडे वळते की उजवीकडे, याची गणती केली आणि तिचा उत्पन्नाशी संबंध शोधला. आंध्रातून आलेल्या कृष्णा द्रोणमराजू यांनी मामा-भाचीच्या विवाहांचा आनुवंशिक परिणाम अभ्यासला. सुरेश जयकर यांनी, ज्यांचे आडनाव मराठी वाचकाला ओळखीचे वाटेल, मातीची घरटी बांधणाऱ्या गांधीलमाशीच्या वर्तनाचा तपशील टिपला. आणि बदलत्या परिस्थितीत नैसर्गिक निवड एकाच जातीत विविधता कशी टिकवून ठेवते, यावर हाल्डेन यांच्यासमवेत १९६३ मध्ये लिहिलेला त्यांचा निबंध आजही संदर्भिला जातो. हाल्डेन यांना स्वतःचे मूल नव्हते. पहिल्या विवाहातून सावत्र मुलगा होता, पण तोही विवाह घटस्फोटात संपला. कोलकात्यातील ही पोरे त्यांचे खरे कुटुंब झाली. त्यांतील काहींच्या हाती मोठ्या पदव्याही नव्हत्या. जन्माने नव्हे, तसे पदवीनेही माणूस मोजायचा नाही, हा त्या घरचा नियम होता.

असे असूनही हे सुखाने नांदले नाही. हाल्डेन तापट होते, अपमान सहन न होणारे होते, आणि महालनोबीस यांना संस्थेवर स्वतःची एकहाती पकड हवी असे. १९६१च्या जानेवारीत अमेरिकी विज्ञानस्पर्धेतील दोन विद्यार्थी हाल्डेन यांच्या घरी जेवायला यायचे होते. अमेरिकी माहिती सेवेने त्यांचा कार्यक्रम ऐन वेळी दुसरीकडे वळवला. यजमानांनी याचा निषेध म्हणून उपोषण केले. गांधीजींचे शस्त्र अशा कारणासाठी वापरावे का, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. परंतु आतिथ्यात राजकारण आणणे हा त्यांच्या लेखी लहान गुन्हा नव्हता. पुढच्याच महिन्यात एका बड्या परदेशी पाहुण्याच्या भेटीच्या आयोजनावरून महालनोबीसांशी त्यांचा खटका उडाला आणि त्यांनी संस्था सोडली.

यानंतर वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, आनुवंशिकीचे एक स्वतंत्र केंद्र त्यांच्यासाठी कलकत्त्यात सुरू करण्याचे मान्य केले. मान्यता आणि अंमलबजावणी यांत आपल्याकडे किती अंतर असते, हे वाचकांना सांगायला नको. नेमणुका रखडल्या, जागा मिळेना, पत्रांना उत्तरे येईनात. ज्याला जगभरातून बोलावणी येत, त्याला खुर्च्या आणि कारकून यांच्यासाठी अर्ज करावे लागले. सीएसआयआर या आद्याक्षरांचा अर्थ स्वतंत्र संशोधन दडपणारी परिषद असा आहे, असा टोला त्यांनी हाणला, तो या काळातला. अखेर ओडिशाचे मुख्यमंत्री बिजू पटनायक यांनी त्यांना आपल्या राज्यात बोलावले आणि १९६२ मध्ये हाल्डेन दांपत्य काही सहकाऱ्यांसह भुवनेश्वरला गेले. कोलकात्याने एक मोठा माणूस गमावला तो भांडणामुळे जितका, तितकाच फायलींमुळे.

या जागी काकांची आठवण होणे अपरिहार्य आहे. लॉर्ड हाल्डेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९१८ मध्ये ब्रिटनच्या शासनयंत्रणेविषयी एक अहवाल दिला. मंत्रालयाला आपल्या कामासाठी लागणारे संशोधन त्या मंत्रालयाने करावे. पण व्यापक स्वरूपाचे, सर्वांच्या उपयोगाचे संशोधन मंत्रालयांच्या दैनंदिन प्रशासकीय दडपणापासून दूर ठेवावे, असे तत्त्व त्यात मांडले होते. सरकारने एकूण पैसा किती द्यायचा ते ठरवावे. तो कोणत्या प्रकल्पाला द्यायचा हे विषयातील जाणकारांनी ठरवावे, असा त्याचा अर्थ कालांतराने रूढ झाला. हे ‘हाल्डेन तत्त्व’ म्हणून ओळखले जाते आणि २०१७ मध्ये ब्रिटनने त्याला कायद्यात स्थान दिले. म्हणजे ज्या तत्त्वाला काकाचे नाव मिळाले, त्याच तत्त्वासाठी पुतण्या कोलकात्यात कारकुनी व्यवस्थेशी भांडत होता. फरक इतकाच, की काकांनी ते सत्तेच्या खुर्चीत बसून लिहिले आणि पुतण्याने ते सत्तेच्या दारात उभे राहून मागितले.

हाल्डेन वैतागून परत गेले असते तर कोणी आश्चर्य मानले नसते. त्यांनी उलट केले. १९६१ मध्येच त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व सोडून भारताचे नागरिकत्व घेतले होते. एका अमेरिकी लेखकाने त्यांचा गौरव ‘जगाचे नागरिक’ असा केला, तेव्हा १९६२ मध्ये त्यांनी दिलेले उत्तर प्रत्येक भारतीयाने ध्यानात ठेवावे असे आहे. जागतिक राज्य अस्तित्वात नाही, त्यामुळे त्याचे नागरिकत्वही असू शकत नाही, असे त्यांनी लिहिले. नागरिकाचे एक मुख्य कर्तव्य आपल्या सरकारला सतावणे हे आहे. भारत सरकारला आपण सतावू शकतो आणि सतावतो. हे सरकार पुष्कळ टीका सहन करते, जरी तिची दखल सावकाश घेते. शिवाय भारत हा युरोपपेक्षाही विविध आहे, म्हणून उद्याच्या जागतिक संघटनेचा नमुना म्हणून अमेरिका, सोव्हिएत संघ किंवा चीन यांच्यापेक्षा तो अधिक योग्य आहे. हा प्रयोग फसूही शकतो, पण तो अद्भुत आहे. म्हणून आपल्याला भारताचा नागरिक म्हणावे, एवढीच त्यांची विनंती होती.

जन्माने मिळालेले राष्ट्र माणूस सहसा तपासून पाहत नाही. ज्याने राष्ट्र निवडून घेतले, त्याची देशभक्ती मात्र डोळस असते. सरकारवर टीका करणे म्हणजे देशाशी वैर करणे, हे समीकरण आज आपल्याकडे सहज मांडले जाते. हाल्डेन यांच्या काकांना त्यांच्याच देशात असल्याच समीकरणाने बळी घेतले होते. पुतण्याने त्याच्या उलट बाजूला उभे राहून सांगितले, की टीका सहन करते म्हणूनच हे राष्ट्र मला माझे वाटते.

१९६३च्या अखेरीस त्यांना कर्करोग झाल्याचे निदान झाले. लंडनला शस्त्रक्रिया झाली. रुग्णालयात असताना त्यांनी आपल्या रोगावर एक विनोदी कविता लिहिली आणि स्वतःची श्रद्धांजलीही बीबीसीसाठी स्वतःच ध्वनिमुद्रित करून ठेवली. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. देह त्यांनी काकिनाडा येथील रंगराय वैद्यकीय महाविद्यालयाला दिला होता. आयुष्यभर स्वतःच्या शरीरावर प्रयोग करणाऱ्याचा तो शेवटचा प्रयोग. हेलन स्परवे मायदेशी परतल्या नाहीत. १९७८ मध्ये हैदराबादमध्ये त्यांचा मृत्यू झाला.

नेओमी मिचिसन १०१ वर्षे जगल्या. सत्तरहून अधिक पुस्तके त्यांनी लिहिली. जेम्स वॉटसन यांनी ‘द डबल हेलिक्स’ हे पुस्तक त्यांनाच अर्पण केले आहे. त्यांचे तीन मुलगे नामवंत जीवशास्त्रज्ञ झाले. त्यांतील डेनिस मिचिसन यांचा भारताशी आलेला संबंध मामांपेक्षा कमी प्रसिद्ध असला, तरी असंख्य कुटुंबांच्या जगण्याशी निगडित आहे. क्षयरोग्याला महागड्या आरोग्यधामात न ठेवता घरी औषधे देऊनही तितकाच गुण येतो, हे १९५९ मध्ये मद्रासच्या क्षयरोग केंद्रातील चाचण्यांनी सिद्ध केले; त्या कामातील जीवाणूशास्त्राची बाजू सांभाळणाऱ्यांत डेनिस होते. खर्चीक इमारतींपेक्षा काटेकोर निरीक्षण श्रेष्ठ, हा मामाचा बरानगरचा धडा भाच्याच्या कामात मद्रासला असा दिसतो.

ही कथा एका मराठी संदर्भाशिवाय अपुरी राहील. गुणसूत्रावरील जनुकांचे परस्परांतील अंतर मोजण्यासाठी आनुवंशिकीत दोन सूत्रे आजही शिकवली जातात. एक हाल्डेन यांचे, १९१९ मधले. दुसरे १९४४ मधले, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील एका गणिताच्या प्राध्यापकाचे, म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे. स्कॉटिश उमरावांच्या घरातला एक, गोव्यात जन्मलेल्या बौद्ध पंडिताचा मुलगा दुसरा. दोघेही मार्क्सवादी, दोघेही बहुश्रुत, दोघांचाही स्वभाव जळत्या निखाऱ्यासारखा. १९६२ हे वर्ष दोघांनाही जड गेले. हाल्डेन यांनी त्या वर्षी कोलकाता सोडले, आणि कोसंबी यांचा टाटा मूलभूत संशोधन संस्थेशी असलेला करार त्याच वर्षी संपुष्टात आला. आपल्या संस्थांना प्रतिभा हवी असते, पण प्रतिभेबरोबर येणारा स्वभाव नको असतो. हा दोष एका शहराचा किंवा एका संचालकाचा नव्हे.

संस्थापकाच्या करिष्म्यावर चालणारी संस्था हुकूमशाहीकडे झुकते आणि मंत्रालयाच्या फायलीवर चालणारी संस्था निर्जीव होते. बरानगरने हाल्डेन यांना पहिला अनुभव दिला आणि दिल्लीने दुसरा. या दोहोंच्या मध्ये असलेली वाट म्हणजे स्वायत्तता. ती नियमांनी बांधलेली, हिशेब देणारी, पण निर्णय जाणकारांच्या हाती ठेवणारी असावी लागते. १९५९ मध्ये संसदेने भारतीय सांख्यिकी संस्थेला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून मान्यता देणारा कायदा केला, तेव्हा सरकारी पैसा आणि संस्थेचे स्वातंत्र्य यांची सांगड घालण्याचाच तो प्रयत्न होता. २०२५ मध्ये केंद्र सरकारने त्या कायद्याच्या जागी नव्या कायद्याचा मसुदा पुढे आणला आणि संस्थेतील अध्यापक-विद्यार्थ्यांनी स्वायत्ततेच्या प्रश्नावर आवाज उठवला. जुन्या संस्थांत सुधारणा लागतात, हे कोणी अमान्य करणार नाही. पण सुधारणा आणि ताबा यांतील रेषा कोठे ओढायची, हे ठरवताना त्याच आवारात एकेकाळी पारिजातकाच्या पाकळ्या मोजल्या गेल्या, हे विसरून चालणार नाही. ते काम कोणत्याही मंत्रालयाने मागितले नव्हते. कोणत्याही योजनेच्या उद्दिष्टांत ते बसले नसते. आणि आज कोणी अनुदानासाठी तसा प्रस्ताव पाठवला, तर ‘याचा उपयोग काय’ या रकान्यात काय लिहायचे, असा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहील.

हाल्डेन यांच्या भुवनेश्वरच्या प्रयोगशाळेची मोठी संस्था झाली नाही. मागे राहिले ते त्यांचे विद्यार्थी, लंडनहून त्यांनी सोबत आणलेले आणि आज बेंगळुरूहून निघणारे ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’ हे नियतकालिक, आणि कोलकात्यातील तो रस्ता. ज्यांनी येथे राजवाडे उभारले त्यांची नावे शहराने पुसली. ज्याने येथे फुले मोजली आणि सरकारशी भांडणे केली, त्याचे नाव ठेवले. या बाबतीत कोलकात्याचा निवाडा मला योग्य वाटतो.